जुना संगणक पुसण्याआधी त्यातले मेल हलवा

मा. संपादक,
स. न.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार (सपोर्ट) संपला आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यांत जुने संगणक बदलण्याची घाई सुरू झाली. मी एका टॉवेल कारखान्यात निर्यातीची कागदपत्रे सांभाळते. या घाईत एका गोष्टीकडे दुर्लक्ष होते आहे, म्हणून हे पत्र.

आमचा व्यवहार मेलवर चालतो. टॉवेलचे जीएसएम (दर चौरस मीटरचे वजन) किती हवे, लॅब डिप म्हणजे रंगाचा नमुना पाहून कोणती शेड मंजूर केली, खोक्यांवर काय छापायचे, एलसीत (बँकेच्या पतपत्रात) कोणती दुरुस्ती झाली, न्हावा शेव्याहून कंटेनर सुटण्याआधी बिल ऑफ लेडिंगच्या (जहाज कंपनीच्या मालपावतीच्या) मसुद्यात काय बदलले, सारे मेलमध्येच असते. माल पोचल्यावर ग्राहक म्हणाला की ही शेड आम्ही मागितलीच नव्हती, तर त्याने पाठवलेला मंजुरीचा मेल हाच आपला पुरावा.

आपल्याकडच्या पुष्कळ लहान कारखान्यांत मेल अजून ‘पॉप’ पद्धतीने उतरवून घेतात. त्यात मेल सर्व्हरवरून आपल्या संगणकावर येतो आणि सेटिंगप्रमाणे सर्व्हरवरची प्रत लगेच किंवा काही दिवसांनी पुसली जाते. मग वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार उरतो तो फक्त आउटलुक या मेलच्या प्रोग्रामच्या पीएसटी फाइलमध्ये (सारे मेल साठवणाऱ्या फाइलमध्ये), आणि ती फाइल बहुधा ‘सी’ ड्राइव्हवर. जुन्या आवृत्त्यांत तर ती लपवलेल्या फोल्डरमध्ये असते. दुरुस्तीवाला डेस्कटॉपवरच्या फाइल, टॅलीचा डेटा, फोटो काढून घेतो आणि डिस्क फॉरमॅट करतो. पासवर्ड टाकला की मेल परत येतील असे सगळे धरून चालतात. नव्या संगणकावर येतात ते सर्व्हरवर शिल्लक असलेले तेवढेच. माझ्या ओळखीच्या एका कारखान्यात असेच झाले. तिथल्या मुलीला आज जुन्या ग्राहकांकडे त्यांचेच मेल परत मागावे लागत आहेत. याचे मला फार वाईट वाटते, कारण हे सहज टाळता आले असते.

आउटलुकच्या अकाउंट सेटिंगमध्ये ‘डेटा फाइल्स’ उघडले की पीएसटी फाइल नेमकी कुठे आहे ते दिसते. आउटलुक पूर्ण बंद करावे आणि ती फाइल दुसऱ्या डिस्कवर कॉपी करावी. कॉपीच, कट नव्हे. मध्येच वीज गेली तरी मूळ फाइल शाबूत राहते, आणि उन्हाळ्यात आपल्याकडे विजेचा भरवसा किती ते सगळे जाणतात. मग जुन्या फाइलचे नाव बदलून आउटलुक सुरू करावे. फाइल सापडत नाही असे ते सांगेल, तेव्हा नवी जागा दाखवावी. सर्वांत जुना मेल उघडून पाहावा, पाठवलेल्या मेलचे फोल्डरही पाहावे, एखादी जोडलेली फाइल उघडावी. आउटलुकऐवजी थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्राम वापरणाऱ्यांनी सुटी फाइल न उचलता प्रोफाइलचे अख्खे फोल्डरच न्यावे.

पेनड्राइव्हवर मोठी पीएसटी जात नाही म्हणून काही जण नाद सोडतात. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा असेल तर ४ जीबीहून मोठी एक फाइल त्यावर मावत नाही, मग त्यात जागा कितीही मोकळी असो. एक्सफॅट किंवा एनटीएफएस केलेल्या डिस्कवर ती जाते. मात्र यूएसबीच्या डिस्कवरून रोजचे मेल चालवू नयेत. चालू कामात वायर हलली तर फाइल बिघडू शकते. रोजची फाइल संगणकाच्या आतल्या दुसऱ्या डिस्कवर असावी, बाहेरची डिस्क जादा प्रतीसाठी. ऑफिसातल्या नेटवर्क ड्राइव्हवर पीएसटी ठेवून काम करू नका, असे तर मायक्रोसॉफ्टच सांगते.

महत्त्वाच्या मेलचे प्रिंट फाइलला लावले आहेत, असे काही मालक म्हणतात. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चे कलम ७ त्यांनी जरूर वाचावे. इलेक्ट्रॉनिक रूपात जपलेली नोंद पुढे वाचता यावी, आणि ती कुठून निघाली, कुठे पोचली, कोणत्या तारखेला व वेळेला, हा तपशील तिच्याबरोबर राहावा, अशी त्यात अपेक्षा आहे. कागदावर हा सगळा तपशील उतरत नाही. जीएसटीची हिशेबपुस्तके व नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात. त्या मुदतीतला एखादा व्यवहार समजून घ्यायला जुना मेलच लागतो.

शहरातल्या संगणक दुरुस्तीवाल्यांना माझी विनंती आहे: काम घेताना पावतीवर ‘मेलची फाइल काढली का?’ एवढी एक ओळ छापा आणि त्यापुढे ग्राहकाची सही घ्या. मालकांनी नव्या संगणकाच्या खर्चात एका जादा डिस्कची किंमत धरावी आणि नव्या जागी जुने मेल उघडल्याचे स्वतः पाहिल्याशिवाय जुना संगणक भंगारात देऊ नये. आपल्या वृत्तपत्राने उद्योगाच्या पानावर हे टप्पे चित्रांसह छापले, तर ऑफिसात एकट्याने संगणक सांभाळणाऱ्या मुलामुलींना ते कापून भिंतीवर लावता येतील.

आपली,
निर्यात विभागातील एक कर्मचारी,
अक्कलकोट रोड, सोलापूर