नॉर्मल रिपोर्टची थैली

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या आरोग्य पुरवणीत हाताला मुंग्या, छातीत धडधड, धाप लागणे यावर अर्धं पान आलं होतं, खाली चौकटीत बारा लक्षणं आणि "दुर्लक्ष करू नका" असं ठळक अक्षरात. माहिती चुकीची नव्हती. लोकांनी अंगावर दुखणं काढू नये हे मलाही पटतं, आपल्या भागात तर लोक शेवटच्या घटकेला दवाखाना गाठतात. पण त्याच गावात असाही माणूस असतो ज्यानं सहा महिन्यांत चार ईसीजी काढलेत, चारही नॉर्मल आलेत, आणि ती चौकट वाचून तो पाचव्याला निघालाय. मी तो माणूस होतो म्हणून लिहायलो.

माझं केज तालुक्यात कृषी सेवा केंद्र आहे, वय ४३. २०२१ ला कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत माझा चुलतभाऊ गेला, माझ्याच वयाचा, आठ दिवसांत. तेव्हा घरात ऑक्सिमीटर आणलं होतं ते लाट ओसरल्यावर बी माझ्या खिशातून गेलं नाही. ९८ आलं की बरं वाटायचं, ९६ आलं की बोट बदलायचं, हात चोळायचा, परत लावायचं. नंतर तरुण पोरं नाचता नाचता, जिममध्ये कोसळल्याचे व्हिडिओ मोबाईलवर यायला लागले आणि माझं सगळं ध्यान फुप्फुसावरून छातीवर आलं.

रात्रीचे दोन वाजलेले, लाईट गेलेली, मी पलंगावर उठून बसलेलो, दोन बोटं गळ्यावर, नजर मोबाईलच्या सेकंदावर. मधेच एक ठोका चुकल्यासारखा होऊन पुढचा जोरात पडायचा आणि अंगाला दरदरून घाम. बायकोला उठवायचो, ती बिचारी टॉर्च लावून माझी नाडी मोजायची, "अहो कायबी झालं नाही तुम्हाला, बराबर चालू आहे, झोपा" म्हणायची आणि मला खरंच झोप लागायची. दुसऱ्या रात्री परत तेच. असं दीड वर्ष चाललं, तिनं एकदाही तोंड वाकडं केलं नाही.

लातूरला दोन डॉक्टर झाले, सोलापूरला एक. ईको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, टीएमटी म्हणजे पट्ट्यावर पळवून काढतात तो ईसीजी, थायरॉईड, पोटाची सोनोग्राफी, सगळे कागद एका कापडी थैलीत. ईसीजीची पट्टी थर्मल कागदाची असती, काही महिन्यांत फिकट पडती, म्हणून मी प्रत्येकीची झेरॉक्स काढून ठेवायचो. एका लॅबचं फुल बॉडी पॅकेज पण केलं, त्यात दोन आकडे लाल अक्षरात आले आणि पंधरा दिवस माझा जीव टांगणीला लागला. पुढं कळलं की नॉर्मलची रेंज बहुतेक वेळा अशी धरतात की शंभर निरोगी माणसांतली ९५ माणसं तिच्यात बसतात, म्हणजे धडधाकट माणसाचे सुटे सुटे २० आकडे काढले तरी एखादा तरी रेंजबाहेर जायची शक्यता ६४ टक्क्यांच्या आसपास असती. हे पॅकेज विकताना कोणी सांगत नाही, ते सांगायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आईनं तिच्या परीनं बाहेरचं बघितलं, दंडाला काळा दोरा बांधून आणला. आठ दिवस बरं वाटलं. आज कळतंय की तो दोरा आणि माझा ईसीजी, दोन्हीचं काम एकच चाललं होतं.

शेवटी गावातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी अंबाजोगाईला सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभागात पाठवलं. मी लई चिडलो, मला वेड लागलंय का म्हणलं, दोन महिने गेलोच नाही. गेलो तेव्हा थैली टेबलावर ठेवली. तिथल्या मॅडमनी ती उघडली नाही, एवढंच विचारलं, "नॉर्मल रिपोर्ट आला की किती दिवस बरं वाटतं?" मी हिशोब केला. पहिल्या ईसीजीनंतर तीन महिने, दुसऱ्यानंतर महिना, तिसऱ्यानंतर आठ दिवस, आणि शेवटचा काढला त्या दिवशी तर लातूरच्या बसस्टँडवर गाडीची वाट बघतानाच शंका आली की मशीन नीट लावलं होतं का. हे मोठ्यानं सांगताना माझं मलाच भरून आलं.

माझा धंदा औषधांचा आहे म्हणून मला ते लगेच उमगलं. कपाशीवर सारखं एकच औषध मारत राहिलं की पांढरी माशी दाद देईना होती, शेतकरी डोस वाढवत जातो, खर्च वाढतो, माशी तिथंच. "काही झालं नाही" हे ऐकण्याचा माझा डोस असाच वाढत गेला होता. धीर मिळाला की भीती खाली बसती, पण मनाला शिकवण ही मिळती की विचारलं म्हणून वाचलो, मग पुढच्या वेळी विचारल्याशिवाय राहवत नाही.

याला हेल्थ अँग्झायटी म्हणतात, म्हणजे आपल्याला मोठा आजार झालाय ही न जाणारी भीती. पूर्वी हायपोकॉन्ड्रिया म्हणायचे, २०१३ पासून डॉक्टरांच्या पुस्तकात इलनेस अँग्झायटी आणि तसली दुसरी नावं आलीत, नावाचं जाऊ द्या. लक्षणं खोटी नसतात हे मात्र लोकांना कळलं पाहिजे, कारण "तुझं सगळं मनाचं आहे" हे वाक्य ऐकून माणूस आणखीनच खचतो. मुंग्या खऱ्याच येतात, घाबरून जोरात श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साईड कमी होऊन बोटं, ओठ बधिर होतात. मधेच येणारा जास्तीचा ठोका पुष्कळ निरोगी माणसांना येतो, त्यांचं तिकडं लक्ष नसतं एवढंच. गळ्यातली गाठ दिवसातून पन्नास वेळा दाबली की दुखणारच.

उपचारात गोळी चालू झाली, ती झोपेची नव्हती आणि फरक पडायला काही आठवडे गेले. पण खरं अवघड काम घरी होतं. बीपीचं मशीन आणि ऑक्सिमीटर मेहुण्याकडं गेलं. एक वही केली, तपासावंसं वाटलं की वेळ लिहायची, भीती दहापैकी किती ते लिहायचं आणि पंधरा मिनिटं काहीच करायचं नाही, नाडी बघायची नाही, गुगल नाही, कुणाला विचारायचं नाही. पुढं अर्धा तास, मग तास. पहिल्या दिवशी ९ लिहिलं होतं आणि पाऊण तासानं ५, कोणीही धीर न देता. माझा विश्वासच बसला नाही. डॉक्टर एकच धरायचा, तोही ठरलेल्या तारखेला. आणि एका कागदावर मॅडमनी लिहून दिलं की कशाला थांबायचं नाही: चालताना चढताना छातीत दाब येऊन घाम फुटला, चक्कर येऊन पडलो, एका बाजूचा हात-पाय गळाला, कुठून रक्त गेलं, कारण नसताना वजन उतरलं, तर सरळ दवाखाना. तो कागद अजून गल्ल्यात आहे.

सगळ्यात जड गेलं ते बायकोला. मॅडमनी तिला समोर बसवून सांगितलं की आता उत्तर द्यायचं नाही. त्या रात्री मी विचारलं, "बघ ना, ठोका चुकायलाय का?" ती म्हणली, "ह्याचं उत्तर मी देणार नाही, आपलं ठरलंय. चहा टाकू का?" आणि स्वयंपाकघरात जाऊन रडली, मला ऐकू आलं. नवऱ्याला भीती वाटायली आणि आपण गप बसायचं ही काय सोपी गोष्ट आहे का. पण ती गप बसली म्हणून मी बरा झालो. घरोघरी आया, बायका, भाऊ दिवसातून वीसदा "काही नाही झालं" म्हणत असतील, मायेनंच म्हणतात, त्यांच्यापर्यंत हे पोचलं पाहिजे. आणि नुसतं गप बसायचं नाही, चिडायचं तर अजिबात नाही, आधी दोघांनी डॉक्टरसमोर ठरवायचं आणि मग शेजारी बसून राहायचं.

तुमचा पेपर रोज माझ्या काउंटरवर असतो. ती पुरवणी वाचून परवा एका शेतकऱ्यानं हात पुढं केला, "भाऊ, मुंग्या यायल्यात, नाडी बघता का." फवारणी करून आला असता तर मीच त्याला गाडीवर घालून दवाखान्यात नेलं असतं, विषबाधेचं तसं होतं. पण तो नांगरटीचं बोलायला आलेला. मी विचारलं, याआधी कितीदा दाखवलं? म्हणला सहादा, सगळं नॉर्मल. मग खुर्ची दिली, नाडी नाही बघितली, तासभर बोललो, आणि त्याला टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी फोनवर बोलायच्या सरकारी हेल्पलाईनचा, १४४१६ नंबर लिहून दिला. १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारनं चालू केलाय, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात पण मानसोपचार विभाग असतो हे त्याला माहीतच नव्हतं.

साहेब, विनंती एवढीच की लक्षणांची चौकट छापाल तेव्हा तिच्याखाली आणखी दोन ओळी छापा: तपासून झालंय, रिपोर्ट नॉर्मल आहे, तरी भीती जात नाही, त्यांच्यासाठी १४४१६. तेवढी जागा द्याच.

आपला रोजचा वाचक,
एक कृषी सेवा केंद्र चालक,
ता. केज, जि. बीड