पडद्यामागच्या ताईंना: ऑनलाइन लेखक-भेटींबद्दल जाहीर आभार

प्रिय ताई,

स.न.वि.वि.

ग्रंथालयाच्या ऑनलाइन लेखक-भेटींच्या शेवटी आभारप्रदर्शनात तुमच्या वाट्याला दोनच शब्द येतात: तांत्रिक साहाय्य. त्या दोन शब्दांत जे मावत नाही ते या पत्रात लिहितो आहोत. जाहीर लिहितो आहोत, कारण तुम्ही करता ते काम कोणत्याही सार्वजनिक ग्रंथालयाला जमण्यासारखं आहे. ते नेमकं काय असतं, एवढंच कुणीतरी सांगायला हवं.

पहिले आभार तुमच्या एका आग्रहाचे: आवाज आधी, चित्र नंतर. लेखक-भेटीला येणारा प्रौढ वाचक पडद्याकडे टक लावून बसलेला असतोच असं नाही. कुणी फोनवरून ऐकत असतं, कुणी हातातलं काम करता करता, कुणाला पडदा नीट दिसतच नाही. चित्र क्षणभर गोठलं तरी हे सगळे थांबतात; वाक्यांचे शेवट ऐकू येईनासे झाले की मात्र निघून जातात. शिवाय इंटरनेटचा हिशेबही आवाजाच्याच बाजूचा आहे. स्पष्ट चित्र पाठवायला सेकंदाला एक ते तीन मेगाबिट लागतात, आवाजाचं काम १०० किलोबिटच्या आत भागतं. म्हणून लेखकाचं बोलणं तुटू लागलं की तुम्ही सर्वांत आधी त्यांना कॅमेरा बंद करायला सांगता, आणि बहुतेक वेळा तेवढ्यानंच गाडी रुळावर येते.

आवाज घुमू लागला की दोष कुठे आहे हे तुम्ही ऐकता ऐकताच ओळखता. बोलणाऱ्याला स्वतःचाच आवाज किंचित उशिरानं परत ऐकू येत असेल, तर गडबड त्याच्याकडे नसते. दुसऱ्या कुणाच्या तरी स्पीकरमधून निघालेला आवाज त्या दुसऱ्याच्याच माइकमध्ये शिरत असतो. बाकीच्यांना एकेक करून म्यूट करायचं. ज्याला म्यूट केल्यावर घुमणं थांबेल, त्याला हेडफोन लावायला सांगायचं. कर्कश शिट्टी वाजली तर बहुधा एकाच खोलीत लॅपटॉप आणि मोबाइल दोन्ही जोडलेले असतात. दोन्हींचे माइक आणि स्पीकर एकाच वेळी चालू ठेवता येत नाहीत. एक उपकरण पूर्ण शांत करावं लागतं.

माइक कसा ठेवायचा हेही लेखकांना तुमच्याचकडून कळतं. तोंडापासून साधारण एक वीत, म्हणजे १५ ते २० सेंटिमीटर, आणि अगदी समोर न ठेवता थोडा बाजूला, म्हणजे प, फ, भ म्हणताना श्वासाचा फटका माइकवर बसत नाही. तारेचा हेडफोन तुम्हाला पसंत, आणि त्यामागचं कारण पक्कं आहे: ब्लूटूथ हेडफोनचा माइक वापरात आला की बरीचशी जुनी आणि साधी उपकरणं फोन कॉलच्या दर्जाचा आवाज पाठवतात, आणि नेमक्या वेळी बॅटरी संपण्याची धास्ती वेगळीच. कवितावाचन असेल तर तुम्ही आणखी एक गोष्ट पाहता. सॉफ्टवेअरमधलं गोंगाट कमी करणारं सेटिंग हळू आवाजातले शब्द आणि लांबवलेले स्वर हेही गोंगाट समजून खाऊन टाकतं. त्यामुळे कविता किंवा गाणं असेल तेव्हा ते सेटिंग कमी करायचं किंवा मूळ आवाज जसाच्या तसा पाठवण्याचा पर्याय निवडायचा. पंखा, फोनच्या सूचना आणि खिडकी मग आधीच बंद हव्यात, कारण आता तेही सगळं ऐकू जाणार.

या सगळ्याची परीक्षा रंगीत तालमीत होते, आणि ती तालीम तुम्ही कधीही वगळू दिली नाही याबद्दल मनापासून आभार. कार्यक्रमाच्या तीन ते सात दिवस आधी, अर्धा तास, आणि अट अशी की तीच खोली, तेच उपकरण, तोच प्रहर. आधी ही अट जाचक वाटते, पण तिच्यात फार शहाणपण आहे. सकाळी मोकळं असलेलं वायफाय संध्याकाळी घरातले सगळे वापरत असतात. दुपारी सुंदर दिसणारी खिडकी संध्याकाळी काळी होते, किंवा मावळतीचं ऊन थेट कॅमेऱ्यात येतं. राउटरपासून लॅपटॉपपर्यंत केबल जोडता येत असेल तर तिच्याइतका दुसरा उपाय नाही. वेग तपासताना डाउनलोडचा आकडा पाहून समाधान मानायचं नाही. लेखकाचा चेहरा आणि आवाज अपलोडवर जातो, आणि तो स्थिर हवा. आकडा मोठा असला तरी मध्येमध्ये डेटा गळत असेल तर शब्द तुटतातच.

प्रकाशाबद्दल फक्त एवढंच, की तुम्ही तो देखणेपणासाठी मागत नाही. कमी ऐकू येणारे वाचक ओठांच्या हालचाली वाचतात. दिवा पाठीमागे असला की कॅमेरा त्या उजेडाशी जुळवून घेतो आणि चेहरा काळवंडतो. दिवा समोर, थोडा वर आणि थोडा बाजूला. चष्म्यावरची चकाकीही त्यानं जाते.

मीटिंग घ्यायची की वेबिनार, या प्रश्नावर तुमचं उत्तर आम्हाला पटतं. वीस-पंचवीस वाचकांचं मंडळ एका पुस्तकावर लेखकाशी बोलणार असेल तर मीटिंगच हवी. एकमेकांचे चेहरे दिसल्याशिवाय चर्चा होत नाही. त्याहून मोठा, नोंदणी सर्वांना खुली असलेला कार्यक्रम असेल तर वेबिनार. तिथे प्रेक्षकांचे माइक आणि कॅमेरे मुळातच बंद असतात आणि प्रश्नांसाठी गप्पांपासून वेगळी जागा असते. झूमच्या मोफत खात्यात मीटिंग ४० मिनिटांनी तुटते. तासाभराच्या कार्यक्रमात ही तोड नेमकी प्रश्नोत्तरांच्या तोंडावर येते, म्हणून सशुल्क खातं आहे का हे तुम्ही तारीख ठरायच्या आधी विचारता. २०२० मध्ये उघड्या लिंकवरून घुसून कार्यक्रम उधळण्याचे प्रकार जगभर झाले. तेव्हापासून सगळ्यांच्या अंगवळणी पडलेल्या खबरदाऱ्या तुम्ही एकदाही ढिल्या सोडल्या नाहीत: लिंक जाहिरातीत छापायची नाही, नोंदणीनंतरच द्यायची, स्क्रीन शेअर फक्त यजमानाकडे, मीटिंग असेल तर वेटिंग रूम, म्हणजे यजमान आत घेईपर्यंत थांबायची जागा, चालू.

वेळेच्या बाबतीत तुमची काटेकोर नजर परदेशातल्या लेखकांच्या कार्यक्रमात खरी कामाला येते. ‘आयएसटी’ ही अक्षरं भारत, आयर्लंड आणि इस्रायल तिन्ही देश आपापल्या वेळेसाठी वापरतात. म्हणून तुम्ही निमंत्रणात शहराचं नाव आणि यूटीसीपासूनचा, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेपासूनचा, फरक लिहायला लावता. घड्याळं पुढेमागे करण्याचा घोळ त्याहून मोठा. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ती मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी. परत येतात तीही वेगवेगळ्या रविवारी: युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या, अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या. मधल्या दिवसांत अमेरिका आणि युरोप यांच्या वेळांतला नेहमीचा फरक एका तासानं चुकतो. कॅलेंडरची फाइल जोडली की प्रत्येकाला आपापल्या घड्याळाप्रमाणे वेळ दिसते आणि प्रश्नच मिटतो.

ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथं सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याचं आहे. नोंदणीचा अर्ज तुम्ही त्याच कसोटीवर घासलात. नाव, ईमेल, काही सोय हवी आहे का, आणि लेखकाला काय विचारायचं आहे. बस्स. जन्मतारीख नाही, पत्ता नाही. लिंक नोंदणी होताच, मग आदल्या दिवशी, मग तासभर आधी पुन्हा, कारण लोक ती ईमेलच्या ढिगात शोधत बसतात आणि तोवर कार्यक्रम सुरू झालेला असतो. ज्यांच्याकडे फक्त साधा फोन आहे त्यांच्यासाठी डायल करायचा क्रमांक आणि दोन सूचना: झूमवर हात वर करायला ताराचिन्ह आणि ९, आवाज चालू-बंद करायला ताराचिन्ह आणि ६. कार्यक्रमाआधी वाचकांना आपला आवाज तपासून घेता यावा म्हणून तुम्ही वेळ राखून ठेवता. पहिल्यांदाच येणारे ज्येष्ठ वाचक त्याच आधारावर टिकतात.

प्रत्यक्ष कार्यक्रमाचा तुमचा तक्ता तर आम्हाला पाठ झाला आहे. पाच मिनिटं स्वागत, दहा मिनिटं वाचन, पंचवीस मिनिटं संवाद, वीस मिनिटं प्रश्न. त्यातलं वाचन दहाच्या वर जाऊ द्यायचं नाही. सभागृहात पंधरा मिनिटांचं वाचन रंगतं. पडद्यावर तेच लांबलेलं वाटतं, कारण श्रोत्यांची दाद बोलणाऱ्यापर्यंत पोचत नाही. कामांची वाटणी चार जणांत: स्वागत करणारा यजमान, संवादक, प्रश्न निवडणारा आणि तंत्र सांभाळणारा. संवादकानं प्रश्नांच्या यादीवर डोळा ठेवायचा नाही, कारण मग तो लेखकाचं ऐकत नाही आणि ते प्रेक्षकांना लगेच दिसतं. यजमानपदाचे अधिकार दोघांकडे, तेही वेगवेगळ्या इंटरनेट जोडण्यांवर, म्हणजे एकाची वीज गेली तरी सभा चालू राहते. आपसांतले निरोप कार्यक्रमाच्या चॅटमध्ये नाही, फोनवरच्या वेगळ्या गटात. खाजगी निरोप चुकून सगळ्यांना जाणं ही अगदी सहज होणारी गोष्ट आहे.

लेखकांची जोडणी तुटली तर काय, याचंही उत्तर तक्त्यात लिहिलेलं असतं: संवादक पुस्तकाविषयी बोलत राहतो, आधीच परवानगी घेतलेला उतारा वाचतो, आणि तोवर तुम्ही लेखकांना फोनवरून सभेत जोडता. पाच मिनिटांत झालं नाही तरच प्रेक्षकांना परिस्थिती सांगायची.

प्रश्नोत्तरांतली शांतता सांभाळण्याची तुमची रीत आम्हाला सर्वांत आवडते. ‘आता प्रश्न विचारा’ म्हटल्यावर वाचकाला विचार करून टाइप करायला वेळ लागतो आणि पडद्यावर तो अवघडलेला वेळ फार मोठा वाटतो. म्हणून सूचना दहा मिनिटं आधीच द्यायची आणि नोंदणीतून आलेला एक चांगला प्रश्न पहिला म्हणून तयार ठेवायचा. सारखे प्रश्न एकत्र करायचे, पण विचारणाऱ्याचे शब्द शक्य तितके तसेच ठेवायचे. नाव वाचायचं ते परवानगी असेल तरच. पुस्तकावर टीका करणारा सभ्य प्रश्न तुम्ही कधी बाजूला सारत नाही, हेही मुद्दाम नोंदवायला हवं. प्रौढ वाचक कौतुक ऐकायला येत नाहीत, त्यांना लेखकाशी वाद घालता यावा ही त्यांची अपेक्षा रास्त आहे.

दृष्टिहीन वाचकांचा विचार तुम्ही करता तो बारकाईनं. स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर येणारा प्रत्येक चॅट-संदेश मोठ्यानं वाचू लागतं आणि लेखकाच्या आवाजावर चढतं. त्यामुळे बोलणं चालू असताना नमस्कार-चमत्कारांचा पाऊस नको. पडद्यावर छायाचित्र दाखवलं तर त्यात काय आहे ते संवादकानं शब्दांत सांगायचं. आपोआप उमटणाऱ्या कॅप्शनमध्ये विशेषनामं हमखास चुकतात आणि वक्ता एका वाक्यात दोन भाषा वापरू लागला की सगळंच बिघडतं. माणूस कॅप्शन लिहिणार असेल तर पात्रांची, गावांची, पुस्तकांची नावं त्याला आदल्या दिवशी हवीत. ती यादी तुम्ही स्वतः लेखकांकडून मागून घेता.

आणि हक्कांचं काम. ते कुणाला दिसत नाही, पण ते राहिलं तर नंतर सगळं अडतं. ध्वनिचित्रमुद्रण करायचं का, किती दिवस ठेवायचं, कुणाला दाखवायचं, हे तीनही प्रश्न निमंत्रणाबरोबरच लेखी विचारायचे. उतारा वाचण्याची परवानगी आणि वाचन मुद्रित करून ठेवण्याची परवानगी या वेगळ्या गोष्टी आहेत. अनुवाद वाचायचा असेल तर अनुवादकाची संमतीही लागते. मुद्रणात फक्त बोलणाऱ्यांचे चेहरे येतील असं सेटिंग ठेवायचं, कारण वाचक आले आहेत ते ऐकायला, चित्रित व्हायला नाही. कार्यक्रम जाहीर होण्याआधी लेखकाच्या पुस्तकांच्या प्रती पुरेशा आहेत का हे ग्रंथपालांना विचारणाऱ्याही तुम्हीच. मागणी जाहिरातीच्या दिवशीच वाढते, आणि लेखकाला भेटून पुस्तक महिन्यांनी मिळालं तर त्या भेटीतली ऊब उरत नाही.

तुमचा मिनिटामिनिटाचा तक्ता, तालमीची यादी आणि लेखकांना पाठवायचं पानभर पत्र, हे तिन्ही नावं काढून कोरे करून ठेवले आहेत. मागेल त्या ग्रंथालयाला ते द्यायला तुम्ही आनंदानं संमती दिलीत, त्याबद्दलही आभार. तालमीच्या यादीत तुम्ही सुचवलेली शेवटची ओळ आम्ही जशीच्या तशी ठेवली आहे: लेखकांना पाण्याचा पेला जवळ ठेवायला सांगणे, पण लॅपटॉपच्या डाव्या-उजव्या हाताशी नव्हे, लांब.

आपले स्नेहांकित,
प्रौढ वाचक विभागातील सहकारी