साडी बदलून मिळते, अंगठा नाही

महोदय,
रत्नागिरीत नऊ वर्षं मी कपड्यांच्या दुकानाची मॅनेजर होते. आता एका तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेच्या टेबलावर कंत्राटी ऑपरेटर आहे. (पगार घटला, ते असो.) दुकानात पावती दाखवली की साडी बदलून मिळे. इथे महिन्याच्या १५०० रुपयांसाठी वर्षाला २१,००० च्या आतला उत्पन्नाचा दाखला लागतो, वर आधार जोडलेलं खातं. परवा भर पावसात एक आजी पहिल्या एसटीने आल्या. पदराच्या गाठीतून भिजका दाखला काढला. जन्मभर कोळंबी सोलून बोटं गुळगुळीत झालेली. मशीन अंगठा घेईना. तिसरा हेलपाटा! दुकानात गिऱ्हाईक असं परतवलं असतं तर मालकाने मलाच घरी बसवलं असतं. टेबलावर बुबुळं टिपणारं यंत्र द्या आणि पावसाळ्यात तरी बंदरावर येऊन शिबिर घ्या.

– एक वाचक, रत्नागिरी