औशाच्या बाजारातल्या चाचींना

प्रिय चाची,

सलाम आणि नमस्कार, दोन्ही.

हे पत्र तुमची नात तुम्हाला मोबाईलवर वाचून दाखवेल. भरभर वाचायचं नाही, असं मी तिला बजावून ठेवलंय. निघायच्या आदल्या दिवशी तुमच्या घरी आले होते ते आभार मानायलाच, पण तुम्ही "गप बस, च्या पी" म्हणून तो विषयच मिटवलात. म्हणून आता लिहिते. चारचौघांसमोर लिहिते, कारण आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वर्गातल्या जुन्या मैत्रिणींबद्दल जो तो एकच विचारतोय, "या मुली तुला सापडल्या तरी कशा?" त्यांना उत्तर द्यायचं तर तुमच्याबद्दलच सांगावं लागतं.

त्या ग्रुपवर मुलगे भरपूर आहेत. ते सापडायला अवघड नव्हतेच. त्यांचं आडनाव तेच, शेत तेच, कुणी पुण्याला गेला असला तरी त्याचा भाऊ गावात आहे. मुलींचं तसं नाही. लग्नात आडनाव गेलं, काहींचं सासरी पहिलं नावही बदललं, आणि माहेरी आई-वडील होते तोवर त्यांचा जो काही ठावठिकाणा कळायचा, तो पुढं कळेनासा झाला. वर्गातल्या पोरींची यादी करायला घेतली तेव्हा ग्रुपवर कुणालाच तीन-चार नावांपलीकडं काही सांगता येईना. "तिला कुठंतरी उमरग्याकडं दिली म्हणे," एवढंच.

आमचं तर माहेरचं गावही जागेवर राहिलं नाही. 30 सप्टेंबर 1993. गणपती बुडवून माणसं नुकतीच निजलेली, पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं, आणि भूकंप झाला. माळवदाची घरं, दगड-मातीच्या हातभर रुंदीच्या भिंती, त्या झोपलेल्या माणसांवरच आल्या. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून 8 हजारांच्या आसपास माणसं गेली, 52 गावं उठवून दुसरीकडं वसवावी लागली. आम्ही वाचलो. पुढं वडिलांची लातूरला बदली झाली, आणि ज्या पोरींबरोबर मी सागरगोटे खेळले, त्यांतली कोण भूकंपानंतर कोणत्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली, कुणाचं लग्न कधी झालं, हे मला कळलंच नाही. नंतर माझंही लग्न झालं आणि मी मस्कतला आले. सुट्टीत यायचे ती मे महिन्यात, लातूरला भावाकडं. उन्हात कुठं जाणं नाही, येणं नाही. या वेळी मात्र पहिल्यांदाच येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येच्या सणाला, आले.

वहिनी मला औशाच्या बाजारात घेऊन आली ती भाचीला बांगड्या भरायला. ताडपत्रीखाली तुम्ही पेटी उघडून बसलेल्या. भाचीचं झाल्यावर तुम्ही माझा हात ओढलात, बोटं चेपून बघितलीत आणि विचारलंत, "कुणाची गं तू?" वहिनीनं सांगितलं. तुम्ही म्हणालात, "म्हंजी गुरुजींची? थोरली का धाकली?" मग अंगठ्याचा सांधा दाबत एकेक बांगडी चढवताना तुम्ही आमच्या जुन्या गावातल्या गल्ल्या सांगायला लागलात. चिंचेपासचं घर, मारुतीमागचं घर, पाटलाच्या वाड्याला लागून असलेली ती तीन घरं. जे गाव आता नकाशात नाही, ते तुम्हाला दारं-खिडक्यांसकट पाठ आहे.

मी सहज एका मैत्रिणीचं नाव घेतलं. "ती व्हय? लग्नाचा चुडा मीच भरला तिचा. सव्वादोनचं माप. सातव्या महिन्यात हिरव्या बांगड्या भरायला गेल्ते तर हात सुजलेला, दोन-सहा बी जाईना." आणि मग गाव, सासरचं आडनाव, लेकरं, कोणत्या फाट्यावर उतरायचं, सगळं आलं. तुमच्याकडं वही नाही, की फोनमध्ये नंबर साठवलेले नाहीत. पण लग्नाचा चुडा तुम्ही भरता म्हणून पोरगी कुठं दिली हे तुम्हाला कळतं. डोहाळजेवणाला तुम्ही लागता, पंचमीला लेकी माहेरी आल्या की बांगड्या भरायला तुम्हीच लागता, आणि संक्रांतीच्या आधी तुम्ही त्यांच्या सासरच्या गावांत जाता. पूर्वी शेर-दोन शेर जोंधळ्यावर बांगड्या भरायच्यात, तेव्हापासूनचा हा हिशेब आहे. एकीचा निरोप दुसरीला, आईचा लेकीला, असं तुम्ही पेटीबरोबर आयुष्यभर वाहून नेलंत. त्याचे पैसे कधी कुणी दिले नाहीत, आणि त्याला कुणी काम म्हटलं नाही. मी म्हणते.

आणि मग तुम्ही म्हणालात, "चल, मी येते संगं." संक्रांत तोंडावर आलेली. हल्ली काचेच्या बांगड्या घालणाऱ्या बायका आधीच कमी झाल्यात, तुमचे वर्षातले धंद्याचे दिवस मोजकेच. त्या दिवसांतून वेळ काढून तुम्ही माझ्याबरोबर जीपमध्ये बसलात. भाड्याचे पैसे काढले तर माझी मूठ मिटवून माझ्याच पर्समध्ये कोंबलीत.

पहिली, आमच्या बाकावरची डावखुरी, निघाली ती लातुरातच, भावाच्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. इतक्या सुट्ट्या मी त्या गल्लीवरून गेले असेन. ती ट्यूशनच्या पोरांची मेस चालवते. 'लातूर पॅटर्न' ऐकून गावोगावची पोरं येतात, त्यांतल्या चाळीसेक पोरांचा सकाळ-संध्याकाळचा डबा तिच्याकडं. तिनं मला बघितलं, लाटणं हातात तसंच ठेवून मिठी मारली आणि दुसऱ्या मिनिटाला म्हणाली, "बस, पोळ्या भाजू लाग, अकराचे डबे जायचेत." डबे जाईपर्यंत आम्ही बोललो, डबे गेल्यावरही बोललो. आता आम्ही रोज बोलतो. तुम्ही कोपऱ्यात बसून मेथी निवडत होता आणि मध्येच आम्हाला दुरुस्त करत होता, कारण आमच्या शाळेतल्या गोष्टीही आमच्यापेक्षा तुम्हालाच जास्त आठवत होत्या.

दुसऱ्या घरी जायचं मी ठरवलं नव्हतं. ते तुम्ही ठरवलंत. आमच्या शेजारच्या घरातली, माझ्याच वयाची, भूकंपात गेली. तिची आई आहे, नव्या गावात राहते, हे मला ठाऊकच नव्हतं. लामजना पाटीवर दुसऱ्या जीपची वाट बघताना तुम्ही मला सांगितलंत, "तिथं रडू नको. ती रडत न्हाई. जेव म्हनली तर पोटभर जेव. आन पोरीचं नाव घे, टाळू नको."

नवं गाव म्हणजे सरळ रस्ते, आखलेले प्लॉट, एका साच्यातली घरं. लोकांनी पुढं कुणी पडवी काढली, कुणी वर मजला चढवला, तेवढाच फरक. मला एकटीला ते घर सापडलं नसतं. काकूंनी धपाटे केले, वर दही. माझ्याकडं बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, "चष्मा कव्हा लागला गं तुला?" मी म्हटलं, चाळिशीनंतर. "म्हंजी आमच्या पोरीलाबी लागला असता. आमच्यात समद्यांचेच डोळे कमजोर." तुम्ही सांगितलं होतं म्हणून मी तिचं नाव घेतलं. ती खो-खोत मला कशी फसवून पुढं जायची ते सांगितलं. काकू हसल्या, चाची. मला आणखी एक धपाटा वाढला आणि म्हणाल्या, "अजून सांग."

मग त्यांनीही सांगितलं. भूकंपानंतर सगळे पत्र्याच्या शेडमध्ये होते त्या वर्षी तुम्ही पेटी घरीच ठेवून यायचात. बांगड्या भरायला कुणाचाच हात पुढं येणार नव्हता, तरी यायचात. एखादीच्या शेजारी बसायचात, डोक्याला तेल लावून द्यायचात, संध्याकाळी परत जायचात. हे मला तुमच्याकडून कधीच कळलं नसतं.

परतताना तुम्ही एवढंच म्हणालात, "लेकीचं नाव घेनारं मानूस लागतं तिला. मी घेते. पन मी किती दिस?" चाची, आता मीही घेते. दर शुक्रवारी, इथं आम्हाला सुट्टी असते तेव्हा, काकूंना फोन करते.

आणि येळवस. मार्गशीर्ष अमावास्येला लातुरात दुकानांची शटरं खाली असतात, सगळं शहर शेतावर गेलेलं असतं, हे मी नुसतं ऐकवत आले होते माझ्या मुलांना. तुम्ही मला नेलंत ते उमरग्याच्या अलीकडं, आमच्या वर्गाच्या खो-खोच्या कॅप्टनच्या शेतात. हिरव्या ज्वारीच्या कडेला कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, आत पाच पांडव म्हणून चुना लावलेले पाच दगड, पुढं भज्जी, उंडे, खीर आणि बिंदग्यातली, म्हणजे मातीच्या मडक्यातली, आंबिल. तिचा मुलगा आंबिल शिंपडत "ओलगे ओलगे सालम पलगे" ओरडत कोपीभोवती फिरला. ओल्या तुरीच्या दाण्याची, हरभऱ्याची, चिंचेच्या आंबटीची ती भज्जी मी किती वर्षांनी खाल्ली. मुलगा मला म्हणाला, "मावशी, तुम्ही नव्या हाव. चाची तर दरसाल असते."

दरसाल का असतात, ते तिनं मला दुपारी बांधावर बसून सांगितलं. तिला विचारूनच इथं लिहिते आहे. तिचा नवरा 2015 च्या दुष्काळात गेला. कसा गेला ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. पुढच्याच उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, एवढी ती वाईट वर्षं होती. दिवस झाल्यावर गावातल्या बायका हळदीकुंकवाला तिचं दार चुकवून जायला लागल्या. पुढची संक्रांत आली. तुम्ही गावात आलात, आणि नेहमीसारख्या तिच्याच ओसरीवर पेटी उघडून बसलात. गल्लीतल्या बायकांना बांगड्या हव्या असतील तर त्यांना तिच्या दारात यावं लागलं. सगळ्यांच्या भरून झाल्यावर तुम्ही सासूच्या देखत तिला म्हणालात, "हात दे." तिनं दिला नाही, तर तुम्ही तो धरलात. निळ्या बांगड्या भरल्यात, दोन्ही हातांत. सासूबाई काही न बोलता आत गेल्या, आणि थोड्या वेळानं चहा घेऊन बाहेर आल्या. त्यांना पहिला कप तुम्हाला द्यावासा वाटला, हे ती मला दोनदा म्हणाली.

2022 साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवेच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं या प्रथा बंद करायचा ठराव केला. त्याची राज्यभर चर्चा झाली, सरकारनंही परिपत्रक काढून बाकीच्या गावांना तसंच करायला सांगितलं. फार चांगलं झालं ते. तुम्ही मात्र कुणाच्या ठरावाची वाट बघितली नव्हती. माझी मैत्रीण आज गावात बचतगट चालवते, सोयाबीन विकायला लातूरच्या आडतीवर स्वतः जाते, आणि बांगड्या घालते. यातलं काय तुमच्यामुळं झालं आणि काय तिच्या तिच्या हिमतीनं, हे मी ठरवणार नाही. ती स्वतः म्हणते, "त्या दिशी चाची बसली नसती तर मी दार उघडलंच नसतं."

आता कामाचं. गुडघ्याचं दुखणं अंगावर काढू नका. डावखुरीनं लातुरात दवाखान्याचा नंबर लावलाय, ती येऊन घेऊन जाईल, तिला नाही म्हणू नका. काकूंना माझ्याकडून खजूर पाठवलेत, भाऊ पोचवेल, त्यातला अर्धा डबा तुमच्या घरासाठी आहे. नातीला सांगा, तिनं विचारलेल्या नर्सिंगच्या प्रवेशाची कागदपत्रं वहिनीनं बघून ठेवलीत.

निलंग्याला दिलेली आमची एक अजून राहिली आहे. तिच्या सासरची माणसं हैदराबादला गेली, एवढाच माग लागला होता. तुम्ही म्हणाला होतात, पंचमीला ती माहेरी येते का बघते. आली, तर तिच्या हातात बांगड्या भरायच्या आधी वहिनीच्या फोनवरून मला लावून द्या. रात्र झाली म्हणून थांबू नका, आमचं घड्याळ तुमच्यापेक्षा दीड तास मागं असतं, मी जागीच असेन.

तुमची,
गुरुजींची थोरली