विश्रामबागच्या मावशींना, अंदाजाचं माप करून दिल्याबद्दल

प्रिय मावशी,

सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या हातात देण्याऐवजी सगळ्यांसमोर लिहितेय, याचं कारण तुम्हाला माहीत आहे. समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा टाक आधी" म्हणून विषय संपवता. शिवाय आता तुम्ही पुण्याला लेकाकडे. नात वाचून दाखवेल तेव्हा तुम्हाला मध्येच उठता येणार नाही. आणखी एक कारण आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत कितीतरी जणी मला विचारतात, "तुम्ही चटणीचा धंदा कसा सुरू केला?" त्याचं खरं उत्तर तुम्ही आहात.

ऑगस्ट २०१९. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. यांचं झेरॉक्सचं दुकान छतापर्यंत पाण्यात. आपल्या विश्रामबागेत पाणी नव्हतं, म्हणून गावातले चौदा पाहुणे आमच्या दोन खोल्यांत, आणि समोरच्या शाळेत पूरग्रस्तांची सोय. तुम्ही तुमच्या खाणावळीची मोठी पातेली तिथं नेली होती. आमटीत घालायची चटणी, म्हणजे आपलं वर्षभराचं मसाल्याचं तिखट, संपली म्हणून मी घरची बरणी घेऊन आले. आमटीला उकळी आली तशी तुम्ही पळी थांबवली आणि विचारलंत, "ही चटणी कुणाची?" मी म्हटलं, "घरचीच आहे." तुम्ही म्हणालात, "घर चटणी करत नाही. कुणी केली ते सांग."

बावीस वर्षं मी वर्षाच्या चटण्या करत आले. माहेरची बावीस किलो, सासरची तीस, नणंदेची पाच. ते काम आहे असं कधी डोक्यातच आलं नव्हतं. ती उन्हाळ्यातली एक रीत होती. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, देठ खुडायचे, कांदा उभा चिरून वाळवायचा, खोबरं भाजायचं, डंकावर, म्हणजे मिरची कुटायच्या गिरणीवर, रांगेत बसायचं. तुम्ही मात्र तीस वर्षं इंजिनिअरिंगच्या पोरांना जेवू घातलेलं. एका घासात तुम्हाला कळायचं की कुणाच्या हातात काय आहे.

दुकान उभं राहीना. पूर ओसरल्यावर मशीनमधला चिखल काढता काढता यांनी एक दिवस नुसतं खुर्चीवर बसून घालवला, तो दिवस मला अजून आठवतो. दिवाळीला मी घरच्या साठवणीतल्या मिरचीची दहा किलो चटणी केली आणि भावकीत विकली, ३५० रुपये किलो. सगळी संपली. मी आनंदात तुमच्याकडे पेढे घेऊन आले. तुम्ही पेढा बाजूला ठेवलात, कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलंत आणि पेन्सिल माझ्या हातात दिलीत.

सामान बाजारभावानं किती? २,८०० रुपये. डंक? ३००. गॅस? १५०. पिशव्या नि लेबलं? १००. रिक्षा? १२०. बेरीज ३,४७०. विक्री ३,५००. उरले तीस रुपये. "आणि तुझे दोन दिवस?" तुम्ही विचारलंत. ती रेघ मी लिहिलीच नव्हती. दोन दिवस ठसका खाऊन, डोळे चोळून, बोटांची आग रात्रभर तुपानं शमवून माझ्या वाट्याला तीस रुपये आले होते. मला रडू आलं. तुम्ही समजूत घातली नाहीत. म्हणालात, "रड आणि मग भाव ठरव. स्वतःची मजुरी न लावता विकलंस तर तू दान करतेयस, आणि दान करण्याची आपली ऐपत नाही."

नवा भाव ठरला ४८०. भावकीतल्या दोघींनी तोंड फिरवलं. त्या डिसेंबरात कांदा शंभरीपार गेला. जुन्या भावात मी तेव्हाच बुडाले असते.

पण मावशी, हिशेबापेक्षा मोठी गोष्ट तुम्ही जानेवारीत केलीत, आणि ती मला सगळ्यांना सांगायची आहे. एके सकाळी तुम्ही खाणावळीचा वजनकाटा पिशवीत घालून आलात. म्हणालात, "आज तू नेहमीसारखी चटणी कर. हात थांबवू नकोस. फक्त कढईत टाकण्याआधी मूठ काट्यावर उघड." दिवसभर तुम्ही पाटावर बसून वही लिहीत होतात. मी धण्याची मूठ घेतली, काट्यावर टाकली, ६२ ग्रॅम. दुसरी मूठ ४८. तिसरी ५५. मी तर शपथेवर सांगितलं असतं की माझी मूठ एकसारखी असते! तीळ, खसखस, दगडफूल, नाकेश्वर, जायपत्री, सगळ्याचं तसंच. मीठ तर मी बोलता बोलता दोनदा टाकलं. ते तुम्ही पाहिलंत. मला कळलंही नव्हतं.

मी खट्टू झाले, कारण मला वाटलं माझा हात चुकतो. तुम्ही समजावलंत ते मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. घरी हात कमी-जास्त पडला तर आपणच वासावरून, रंगावरून सावरून घेतो. अंदाज म्हणजे बावीस वर्षांचं माप, ते खोटं नाही. पण गिऱ्हाईक आपल्या स्वयंपाकघरात उभं नसतं. त्याला मार्चची पिशवी आणि ऑगस्टची पिशवी सारखीच लागायला हवी. "चव बदलली की पोरं भांडत नाहीत गं. ताट सरकवतात आणि दुसऱ्या महिन्यापासून दुसऱ्या खाणावळीत जातात." असं पाच वेळा करून त्यातलं सगळ्यात चांगलं माप आपण पक्कं केलं. एक किलो मिरचीला पाव किलो धणे, पाव किलो खोबरं, शंभर ग्रॅम तीळ आणि पुढचं सगळं. पुढचं इथं लिहीत नाही. तुम्हीच बजावलं होतंत.

बायका मला भांडवलाबद्दल विचारतात. त्यांना मी हा काटा दाखवते. जिला गोधडी शिवता येते, जिला दहा माणसांचा डबा वेळेत भरता येतो, जिला लहान मुलं सांभाळता येतात, तिच्याकडे माल आधीच आहे. तो किती, कितीला आणि किती वेळात, हे लिहून काढायला शेजारी एक माणूस बसावं लागतं. मला तुम्ही मिळालात.

पैशाचंही सांगते, कारण तिथंही तुम्ही मला वेगळी वागणूक दिलीत. मिरचीसाठी पाच हजार दिलेत आणि वहीत लिहून घेतलंत, दर महिन्याच्या पाच तारखेला पाचशे. "लिज्जतच्या सात बायकांनी १९५९ साली गिरगावात सुरुवात केली ती ८० रुपये उसने घेऊन. उसने म्हणजे परत द्यायचे." तुम्ही मदत म्हणून दिले असते तर मी आयुष्यभर ओशाळी राहिले असते. दहावा हप्ता दिला तेव्हा तुम्ही वहीवर आडवी रेघ मारलीत. तो दिवस माझ्यासाठी पहिल्या विक्रीपेक्षा मोठा होता.

फेब्रुवारीत तुम्ही मला नेट कॅफेत घेऊन गेलात आणि अन्न परवान्याची नोंदणी करायला लावलीत. तेव्हा वर्षाला शंभर रुपये फी होती. मी महिनाभर त्याला घाबरत होते. चौदा आकडी नंबर आला तेव्हा तुम्ही तो मोठ्यानं वाचलात, कॅफेतली पोरं बघत राहिली. मिरचीही तुम्हीच लवकर घ्यायला लावलीत. चाळीस किलो चटणी मार्चच्या मध्यापर्यंत डंकावरून घरी आली आणि पुढच्याच आठवड्यात लॉकडाऊन लागला. ऐन मोसमात डंक बंद, आणि घरोघरच्या बरण्या रिकाम्या. हे काही तुम्हाला आधी ठाऊक नव्हतं. पण मोसमाच्या आधी तयार राहायची तुमची सवय त्या वर्षी आमच्या घराची चूल पेटती ठेवून गेली. तुमच्या जुन्या पोरांनी पुण्या-बेंगळुरूहून फोन केले. पार्सल सुरू झाल्यावर पहिले अकरा डबे त्यांचेच होते.

एक गोष्ट लिहिताना अजून जड जाते, पण ती लिहायला हवी. २०२१ च्या आषाढात माझा कांदा पुरता वाळला नव्हता. मी घाई केली. पंधरा दिवसांत सहा किलो चटणीला बुरशी आली, त्यातल्या चार पिशव्या आधीच गेलेल्या. मी तुम्हाला रात्री दहाला फोन केला. तुम्ही एवढंच म्हणालात, "त्यांचं लक्ष जायच्या आत आपला फोन गेला पाहिजे." मी चारही घरी त्याच रात्री फोन केले, पैसे परत केले, पुढच्या महिन्यात नवी पिशवी पाठवली. चारही घरं आजपर्यंत माझ्याकडूनच नेतात. आणि आता कांदा बोटात चुरल्यावर कुरकुर आवाज आला नाही तर मी पुढे जात नाही.

२०२२ मध्ये सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून कर्ज काढून स्वतःचा छोटा डंक बसवला. ३५ टक्के अनुदानाचं ऐकून मी लगेच निघाले होते. "आधी सहा महिन्यांची मागणी वहीत दाखव," म्हणून तुम्ही मला वर्षभर थांबवलंत. अनुदान काही रोख हातात पडत नाही, हप्ते तर भरावेच लागतात. मागणी होती म्हणून ते भरता आले. यांनी आता पार्सलचं आणि हिशेबाचं काम अंगावर घेतलंय. मोसमात तिघी जणी कामाला येतात. त्यातली एक मिरची कानाशी धरून हलवते. आतलं बी खुळखुळलं तरच ती वाळली म्हणते, आणि तिचं कधी चुकत नाही. मी तिला पहिल्याच दिवशी विचारलं, "ह्याचे किती घेशील?" ती बघतच राहिली. मग मी तिच्यासमोर कॅलेंडरचं पान उलटं केलं.

तुमचा काटा मी परत द्यायला हवा होता, पण देणार नाही. नवा डिजिटल घेतलाय, तरी पहिली मूठ अजून तुमच्याच काट्यावर पडते.

सोबत एक किलोची बरणी पाठवतेय, वर हिंगाचे खडे ठेवलेत. यंदा ब्याडगी फिकी आली, म्हणून तिचं प्रमाण थोडं वाढवलंय. आमटीत घालून बघा आणि रंग कमी वाटला तर लगेच कळवा. पुढचा घाणा सोमवारी आहे.

तुमची,
समोरच्या घरातली सून