खारपाणातल्या जिवाणूंची तपासणी कधी?

संपादक साहेब, नमस्कार.

मृद आरोग्य पत्रिका 2015 पासून सुरू आहे, त्यात सामू (pH, म्हणजे माती आम्लधर्मी की विम्लधर्मी), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, जस्त, लोह अशा 12 गोष्टी तपासून मिळतात, कामाची गोष्ट आहे, पण मातीत जे जिवंत आहे त्यासाठी एक रकानासुद्धा नाही. ते का नाही हेच विचारायचं आहे.

कारण जिवाणू सगळीकडे सारखे नसतात. फिअरर आणि जॅक्सन या शास्त्रज्ञांनी उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतल्या 98 जागच्या माती तपासल्या, 2006 साली छापलं, त्यात दिसलं की जिवाणूंच्या विविधतेत फरक पाडतो तो मुख्यतः सामू, तिथलं तापमान नाही. आता आपल्या विदर्भाकडे बघा, भंडारा-गोंदियात धानाच्या बांधीत पाणी साचून राहतं, तिथं हवेशिवाय जगणारे जिवाणू वाढतात, आमच्या पूर्णा नदीकाठच्या खारपाणात जमीन चोपण (ओली असली की चिकट, वाळली की टणक) अन बोअरचं पाणी खारट, आणि लोणारच्या सरोवरात तर सामू 10 च्या आसपास. एकच सल्ला सगळ्यांना कसा चालंल?

जिवाणू काम करतात की नाही हे शेतातही बघता येतं. सोयाबीन तीस-पस्तीस दिवसांचं झालं की एक झाड फावड्यानं मातीसकट काढा, उपटू नका, मुळांवरच्या जिवाणूंच्या गाठी तुटतात. मुळ्या बादलीत हळूच धुवा आणि एक गाठ नखानं फोडा, आतून लालसर गुलाबी निघाली तर जिवाणू हवेतला नत्र ओढून राहिले, पांढरी किंवा हिरवट असली तर गाठ नुसती नावाला. गाठीतल्या या जिवाणूला रायझोबियम म्हणतात, सोयाबीनचा वेगळा, हरभऱ्याचा वेगळा, तरी आमच्याकडच्या एका दुकानात सोयाबीनसाठी हरभऱ्याच्या जिवाणू खताचं पाकीट देतात, तेही उन्हात मांडलेलं. 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम लावा म्हणतात, पण आतले जिवाणूच मेले असतील तर लावून काय फायदा? शेतकरी पैसे मोजतो साहेब.

माझी कृषी विभागाला आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला विनंती आहे, निदान तालुक्यागणिक मातीतल्या जिवाणूंची तपासणी करा, खारपाणातल्याच चांगल्या गाठींमधून जिवाणू काढून त्याचं कल्चर (म्हणजे असंच जिवाणू खत) पेरणीच्या आधी गावात मिळू द्या, आणि पाकिटावर पीक कोणतं, मुदत किती, हे मराठीत मोठ्या अक्षरात छापा.

— एक शेतकरी, ता. मूर्तिजापूर, जि. अकोला