पाच डबे आणि आभार

आईला मूठमाती दिली त्या दिवशी वास्कोत पाऊस असा कोसळत होता, की कबरीतलं पाणी बालदीने उपसावं लागलं. उपसणारे ते दोघे कोण, मला आजही ठाऊक नाही. एकाच्या गळ्यात रोझरी, कॅथलिकांची जपमाळ, होती; म्हणजे आमच्या बाप्टिस्ट मंडळीतला तो नव्हेच. दोघांचेही मनापासून आभार.

त्याआधी दीड वर्ष मी चर्चची पायरी चढलो नव्हतो. आम्हा बाप्टिस्टांत तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होत नाही. कळत्या वयात स्वतः विश्वास कबूल करायचा आणि पाण्यात बुडी घ्यायची. त्यामुळे शंकेची लाज जास्तच. हो म्हणणारा मीच ना! विल्यम कॅरी या बाप्टिस्ट मिशनऱ्याने १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं, हे आई कौतुकाने सांगायची. प्रार्थनेचं व्याकरण मात्र तिच्या आजारपणात मला जमेना.

चाळीसेक माणसांत गैरहजेरी लपत नाही. तरी कुणी जाब विचारला नाही. उलट आठवडाभर दारात डबा यायचा: उकड्या तांदळाची पेज, तोरांचं, म्हणजे कोवळ्या कैऱ्यांचं, लोणचं, एकदा तर पिशवीत गाठ मारलेली सोलकढी. नाव कशावरच नाही.

गेल्या रविवारी मागे जाऊन बसलो. शेजारच्या मावशींनी माझ्याकडे न बघताच गीतांचं पुस्तक पान उघडून पुढे सरकवलं. त्यांचेही आभार. शंका अजून आहेत.

पाचही डबे घासून मागच्या बाकावर ठेवतोय. एकाचं झाकण बसत नाही, ते आधीपासूनच तसं होतं.